पत्र्यावरचे दगड

पलीकडे शिंगणापुरात घरांना दारं नसतात, आमच्या वस्तीत छपरांना खिळे नसतात. पत्रा टाकायचा आणि वर दगड ठेवायचे. ऊसतोडीला निघायच्या दिवशी तर माणसं वर चढून दगड आणखी वाढवतात, मागे वाऱ्याने छप्पर उडू नये म्हणून. आणि त्या दगडांखाली मागे राहतं कोण? म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं. एवढी आमची अक्कल.

दिवाळीआधी जमीन हलली. भांडी वाजली इतकंच, पण शेजारच्या भागूबाईच्या पत्र्यावरचा दगड घरंगळला आणि तिचा खांदा मोडला. मी दुसऱ्याच दिवशी नटबोल्ट आणले, पत्रे खालच्या पाइपाला आवळायला. तर वस्ती सरकारी गायरानावर, म्हणून तहसील ऑफिसचा माणूस दारात हजर.

"नट मारला की बांधकाम पक्कं. पक्कं झालं की पाडणार."

म्हातारी मेली तर मात्र त्याची हरकत नव्हती.

म्हणून आज माझा नवरा कल्याण पुन्हा दगड चढवत होता. खाली सासूबाई माझ्या निकिताची वेणी घालत होत्या.

"राहू दे गं सविता," त्या म्हणाल्या. "पत्रा उडाला तर तुमाला उसातनं माघारी यावं लागंल. माजं काय, झालं आता."

माझं डोकंच फिरलं. "आन् निकीचं?"



ट्रक आला. मुकादम रंगनाथने हाक मारली. मी ओट्यावरून हलले नाही.

"नट बसल्याबिगर मी चढनार न्हाई."

नवरा-बायको मिळून एक कोयता. एकट्या गड्याला मुकादम नेत नाही. कल्याण वरून ओरडला, "कोयता मोडू नको."

"मोडू दे."

रंगनाथ शिव्या देऊन थकला आणि त्याने कारखान्यावर फोन लावला. थोड्या वेळात ऑफिसचा तोच माणूस मोटारसायकलवर आला, चक्क हसत.

"टेम्परवारीच हाय की, वैनी. बसवा."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. सासूच्या डोक्यासाठी जो नियम हलला नाही, तो उसासाठी हलला.

नट बसले, दगड खाली आले. मी बोचकं उचलून ट्रककडे गेले. आत भागूबाईची सून ज्योती बसली होती. तिने माझ्या पत्र्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या. दगडांनी भरलेल्या त्या छपराखाली भागूबाई हात गळ्यात बांधून उभी होती.

ज्योतीने आपला कोयता खाली टाकला आणि मागोमाग उतरली.