वॉर्ड पहिल्या वर्गात

"आजच्या दिवस वॉर्डाची लाइन शेवटच्या वर्गात टाका. अध्यक्षांचं ऑनलाइन भाषण अडकता कामा नये," व्यवस्थापक म्हणाले.

"नाही टाकणार," वायरवाली म्हणाली.

सगळं रुग्णालय तिला वायरवालीच म्हणे. जिन्याखालच्या खोलीतलं यंत्र तिच्या ताब्यात होतं आणि त्याचा पासवर्ड फक्त तिला ठाऊक होता. इंटरनेटची वाट अरुंद, जाणारे फार; आधी कोणी जायचं आणि कोणी थांबायचं, हे त्या यंत्रात वर्ग पाडून ठरवावं लागे. संसर्गाच्या वॉर्डात नातेवाइकांना मज्जाव होता. टॅबवर तोंडं दिसतील तेवढीच भेट. म्हणून तिने तो वॉर्ड पहिल्या वर्गात बसवला होता आणि व्यवस्थापकसाहेबांचं दालन तिसऱ्या. साहेबांचा राग तिथूनच होता.

"पेशंट काय, उद्या बोलतील!"

"कोपऱ्यातल्या आजींना उद्या नाहीये, साहेब. लेक परदेशात, पोचायची नाही. आत्ताच बोलतायत."

"त्या तुमच्या कोण लागतात?"

"कोणी नाही. अध्यक्ष तरी माझे कोण लागतात? भाषणाला दुसरा वर्ग देते. थोडं अडखळेल. तशी त्यांना सवय आहेच."

"नोकरीवर पाणी सोडायचंय का?"

घरी सासूबाई आणि दोन मुली तिच्याच पगारावर होत्या. पण नाही म्हटलं ते म्हटलं.

भाषण सुरू झालं आणि पडद्यावर अध्यक्ष तोंड उघडं ठेवूनच थिजले. बाहेरगावच्या मंडळींना वाटलं, संपलं. त्यांनी टाळ्या वाजवल्या. व्यवस्थापक तणतणत खाली आले, तेवढ्यात वॉर्डातल्या सिस्टरचा फोन आला.

"ताई, आजींनी विचारलं, जेवलीस का? लेक हो म्हणाली. आता दोघी गप्पच आहेत. चालू ठेवू?"

"ठेवा."

"बोलतच नाहीत, तर लाइन कशाला अडवलीय?" व्यवस्थापक ओरडले.

"बघतायत एकमेकींना."

बऱ्याच वेळाने फोन पुन्हा वाजला. "गेल्या आजी. लेक बघत होती शेवटपर्यंत," सिस्टर म्हणाली. वायरवालीने पदराने डोळे पुसले.

"झालं ना? आता तरी सोडा लाइन."

तिने गळ्यातलं ओळखपत्र काढून त्यांच्या हातात दिलं आणि फोनवर विचारलं, "सिस्टर, आता कोणाचा नंबर?"

"खिडकीजवळच्या आजोबांचा. नातवंडं केव्हाची ताटकळलीयत."

"लावा त्यांना," ती म्हणाली आणि खुर्ची पुढे ओढून बसली.