धाकट्याच्या हातातली बाटली

धाकट्याने बाटली दोन्ही हातांनी उचलली, जणू आत देव बसलाय.

"पेशंटच्या छातीच्या खालीच धरा," सिस्टर म्हणाली. "नळीला हिसका बसता कामा नये. सुटली तर जिवाशी खेळ आहे."

"नाही सुटणार."

स्ट्रेचरवर पडलेल्या थोरल्याने छताकडे पाहिलं. गेले सहा दिवस तो छताकडेच पाहत होता.

दोघे भाऊ भिंती रंगवायचे. थोरला शिडीवर, धाकटा शिडी धरून. सहा दिवसांपूर्वी धाकट्याच्या नाकावर माशी बसली. आपण फक्त एकच हात काढला, असं तो भेटेल त्याला सांगायचा. माशी उडाली. थोरलाही उडाला. तो कठड्यावर छातीवर आपटला, चार बरगड्या मोडल्या आणि एक फुप्फुस हवा गेलेल्या फुग्यासारखं बसलं.

डॉक्टरांनी बरगड्यांमधून नळी घातली. तिचं दुसरं टोक बाटलीतल्या पाण्यात. फुप्फुसातून छातीत गळणारी हवा त्या पाण्यातून बुडबुडे होऊन बाहेर पडायची. बुडबुडे थांबले की फुप्फुस सांधलं, असं डॉक्टर म्हणाले होते. ते थांबत नव्हते. आत श्वासनळीच फाटली असावी, म्हणून आज स्कॅन होता. धाकटा सहा दिवस बाटलीपुढे बसून होता, दूध तापत ठेवून बसावं तसा.

स्ट्रेचर निघालं. सिस्टर कागद घेऊन पुढे. नळी लोंबत होती, चाकात अडकली असती. धाकट्याने ती दुमडून मुठीत घेतली आणि मूठ आवळली. आता नाकावर गिधाड बसलं तरी तो हात काढणार नव्हता.

लिफ्टपाशी त्याने खाली पाहिलं. पाणी निवांत. एकही बुडबुडा नाही.

"दादा! थांबले! बरा झालास रे तू!"

थोरला छताकडेच पाहत होता. त्यात नवीन काही नव्हतं. पण मग धाकट्याला त्याचे ओठ दिसले. निळे. मानेच्या शिरा दोरासारख्या फुगलेल्या.

"सिस्टर!"

ती वळली. तिने पेशंट पाहिला, बाटली पाहिली, मूठ पाहिली.

"अहो, सोडा ती नळी! हवा आत कोंडतेय!"

"सुटू द्यायची नाही म्हणालात ना!" धाकट्याने मूठ आणखी आवळली.

थोरल्याने मान वळवली. सहा दिवसांत पहिल्यांदा त्याने भावाकडे पाहिलं. आवाज फुटलाच नाही, नुसते ओठ हलले.

"सोड."

मूठ उघडली. बाटली खदखदली, थांबता थांबेना. सिस्टर नाडी धरून उभी राहिली. हळूहळू ओठांचा निळेपणा ओसरला.

थोरला बराच वेळ श्वास गोळा करत होता. धाकटा वाट पाहत राहिला.

"शिडी," थोरला म्हणाला, "अशी धरायची असते."

मग सिस्टरकडे पाहून म्हणाला, "बाटली तुम्ही घ्या."

तिने घेतली. लिफ्टचं दार बंद झालं. धाकटा रिकाम्या हातांनी बाहेर उभा होता. नाकावर घामाचा थेंब लोंबत होता. त्याने तो पुसला नाही.