स्लेव्हीतले पाच शब्द

संपूर्ण दक्षिण आशियात स्लेव्ही भाषेचा माझ्याएवढा मोठा जाणकार आज हयात नाही, हे मी नम्रपणे पण ठामपणे नमूद करून ठेवतो. मला तिच्यातले पाच शब्द येतात. देने म्हणजे माणसं. तू म्हणजे पाणी. देचो म्हणजे मोठी नदी. मासी म्हणजे आभार. हा मुळात फ्रेंच व्यापाऱ्यांनी मागे सोडलेला आहे. पाचवा शब्द चो, म्हणजे मोठा. तो देचोमध्ये एकदा येऊन गेलाय हे माझ्या ध्यानात आहे. पण चार शब्दांवर कोणी जाणकार होत नाही.

ही विद्या मला वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षी, म्हैसूरच्या सरस्वतीपुरममधल्या माझ्या हॉलमध्ये, वेताच्या खुर्चीवर बसून मिळाली. खुर्चीची जागा ठरलेली. मागे भिंतीवर इंदिराचा, माझ्या बायकोचा फोटो, चंदनाच्या हाराचा. त्याच्या खाली इंटरनेटचा डबा. घरात या डब्यापासून दोन हात लांब गेलं की जगाशी संबंध तुटतो.

माझी नात सुष्मा कॅनडाच्या उत्तरेला फोर्ट सिम्पसन नावाच्या गावात नर्स होती. गाव देचोच्या काठी. नकाशावर या नदीचं नाव मॅकेन्झी. मॅकेन्झी नावाचे एक गृहस्थ एकदा तिच्यातून होडीने गेले, तेवढ्यावर ती त्यांच्या नावावर झाली. तिथल्या लोकांचं स्लेव्ही हे नावही तसंच. शेजारच्या टोळीने ठेवलेलं, गोऱ्यांनी वहीत उतरवून घेतलेलं. ते लोक स्वतःला देने म्हणतात. मला यात काही नवल वाटलं नाही. आमच्या गल्लीत जन्मापासून मला ‘मराठी मने’ म्हणतात. मने म्हणजे घर. मी घर नसून त्यात राहणारा मालोजीराव नावाचा माणूस आहे, हे पोस्टमनला अजून पटलेलं नाही.

एप्रिलमधल्या एका रविवारी सकाळी सुष्माचा व्हिडिओ कॉल आला.

“अज्जा, तुम्हाला मराठी बोलायला कोणी नाही ना?”

“नाही.”

“इकडे माझी घरमालकीण आहे, सिसिल. तिलापण तिची भाषा बोलायला कोणी नाही. तिची अक्का होती, ती दोन वर्षांमागे गेली. मग तुम्ही दोघं बोला.”

“कुठल्या भाषेत?”

“तुम्ही तुमच्या, ती तिच्या.”

“आणि समजायचं कसं?”

“अय्यो अज्जा, चाळीस वर्षं पेपरात लिहिलात, तेव्हा समजलं होतं कोणाला? सुम्ने बोला!”

सुम्ने म्हणजे उगीच, गप. चाळीस वर्षं मी एका कन्नड दैनिकात दर शनिवारी विनोदी सदर लिहिलं, त्याचं हे घरचं परीक्षण.

भाषेचं ऐकून मी लगेच गंभीर झालो. एक भाषा मरते तेव्हा वगैरे वाक्यं आपोआप जुळायला लागली. सुष्माने फटकारलं. “अज्जा, मेलेली नाही हं! शाळेत शिकवतात, रेडिओवर येते, चर्चमध्ये म्हाताऱ्या बायका बोलतात.”

“मग बाईंना माणूस का नाही?”

सुष्माचं मराठी घरगुती, अवघड गोष्ट आली की ती आधी कन्नडकडे वळते आणि मग इंग्रजीकडे. तिन्ही भाषांत मिळून तिने सांगितलं ते असं. सिसिलबाईंना सहाव्या वर्षी बोर्डिंग शाळेत नेलं. तिथे आपली भाषा बोललं की हातावर पट्टी. दोघी बहिणी कपडे धुण्याच्या खोलीत जाऊन बोलायच्या, कारण तिथल्या मशीनचा आवाज एवढा मोठा की बाहेर काही ऐकू जात नसे. तिथे शिक्षिकांच्या नकला, जेवणाची निंदा आणि आईची आठवण हे सगळं एकाच दमात व्हायचं. पुढे सत्तर वर्षं दोघी तशाच बोलत राहिल्या, भराभर आणि दबक्या आवाजात. शाळेत आणि रेडिओवर भाषा शुद्ध येते, पण रेडिओला चहाडी सांगता येत नाही. अक्का गेल्यावर सिसिलबाई काही दिवस कुत्र्याशी बोलत होत्या. मग कुत्राही गेला.

मी म्हटलं, “लाव फोन.”

माझी गोष्ट याहून पुष्कळ सोपी आहे. मला कोणी मारलं नाही. आमचे पूर्वज म्हैसूरच्या महाराजांच्या घोडदळात होते. आधी घोडे गेले, मग तलवारी गेल्या, शेवटी मराठी उरली. तिच्यातही दर दोन शब्दांना एक कन्नड शब्द पाहुणा म्हणून आला आणि घरजावई झाला. मुलगा बेंगळुरूला असतो. तो माझ्याशी इंग्रजी बोलतो आणि ड्रायव्हरशी कन्नड. वरच्या मजल्यावर पुण्याचं आयटीतलं जोडपं राहायला आलं तेव्हा मी आनंदाने जिना चढून गेलो आणि पाच मिनिटं बोललो. त्यातल्या बाई कौतुकाने म्हणाल्या, “काका, किती छान मराठी शिकलात हो तुम्ही!” मी आभार मानले आणि जिना उतरलो.

इंदिरा होती तोवर हे काही जाणवलं नाही. रोज सकाळी सात वाजता स्वयंपाकघरातून हाक यायची, “अहो, कॉफी आरली!” आरली म्हणजे निवली. धातू कन्नड, शेपूट मराठी. पुण्यात हे कोणाला कळणार नाही, आणि इथल्या कन्नड माणसाला ते ऐकून आपलंच काहीतरी चोरीला गेल्यासारखं वाटेल. हे वाक्य जगात फक्त आमच्यासारख्या चार घरांत चालायचं. तीन वर्षांपूर्वी इंदिरा गेली. आता कॉफी निवते, पण आरत नाही.

तर अशा रीतीने आमची बैठक सुरू झाली. आमच्याकडे रविवारी सकाळचे साडेआठ, तिकडे शनिवारचे रात्रीचे नऊ. पण तिकडे उन्हाळ्यात रात्री नऊलाही लख्ख ऊन असतं. त्यामुळे दोघांच्याही खिडकीत ऊन. नियम एकच, सुष्माने भाषांतर करायचं नाही. हा नियम मीच घातला. चाळीस वर्षांत एवढं शिकलो होतो की वाचकाला काय समजलं ते विचारायला जाऊ नये.

सिसिलबाई रुंद चेहऱ्याच्या, जाड चष्म्याच्या. हातात नेहमी मण्यांचं काम, मूस नावाच्या तिकडच्या मोठ्या हरणाच्या कातड्यावर फुलं शिवायचं. पहिल्या दिवशी मी त्यांना दूधवाल्याबद्दल सांगितलं. त्यांनी मला काहीतरी सांगितलं. मी विजेच्या खात्याबद्दल सांगितलं. त्या हसल्या. मी सांगतो, गेल्या वीस वर्षांत माझ्या विनोदाला असं मनापासून कोणी हसलं नव्हतं. दुसऱ्या रविवारी मी दाढी केली. तिसऱ्या रविवारी इस्त्रीचा शर्ट घातला.

त्यांची ऐकण्याची एक खास रीत होती. बोलता बोलता त्या मान डावीकडे झुकवायच्या, मग उजवीकडे, कधी उंच करायच्या. ही तिकडची होकार देण्याची पद्धत असणार, हे मी लगेच ताडलं. पाहुण्याची रीत पाळावी म्हणून त्या डावीकडे झुकल्या की मीही त्याच बाजूला झुकायचो. त्या उजवीकडे, मी उजवीकडे. शेजारचे नरसिंहमूर्ती एकदा वर्तमानपत्र मागायला आले ते दारातच थबकले. “काय मालोजी सार, योगा चाललाय?”

“नाही,” मी म्हटलं, “संभाषण.”

मे महिन्यात देचोवरचा बर्फ फुटला. त्या दिवशी सुष्माने फोन नदीवर नेला. घराएवढे तुकडे एकमेकांवर चढत, गडगडत चालले होते आणि अख्खं गाव काठावर उभं राहून बघत होतं. सिसिलबाई पुढे झाल्या, खिशातल्या पिशवीतून चिमूटभर तंबाखू काढून पाण्यात सोडली आणि खाली बघून काहीतरी पुटपुटल्या.

“पाण्याजवळ गेलं की आधी त्याला काही द्यायचं,” सुष्मा हळूच म्हणाली. “मगच आपलं काय ते बोलायचं.” हे भाषांतर नव्हतं, माहिती होती, म्हणून मी चालवून घेतलं.

पुढच्या रविवारी सकाळी मी फ्लास्क भरला आणि ऑटोने श्रीरंगपट्टणला गेलो, कावेरीच्या पश्चिमवाहिनी घाटावर. इंदिराच्या अस्थी तिथेच सोडल्या होत्या. तेव्हा सगळं शास्त्राप्रमाणे झालं; फक्त मला तिला काही सांगायचं होतं ते राहून गेलं, कारण रांग मोठी होती आणि भटजी घाई करत होते. आता मी पायऱ्यांवर बसलो, मोबाइलच्या इंटरनेटवर सुष्माला कॉल लावून फोन नदीकडे वळवून धरला आणि दुसऱ्या हाताने फ्लास्कचं झाकण भरून कॉफी कावेरीत ओतली.

“सार, हे कुठल्या शास्त्रात?” मागून एका भटजींनी विचारलं.

“देने शास्त्रात.”

“ऋग्वेदी की यजुर्वेदी?”

“उत्तरेकडचे.”

त्यांचं समाधान झालं. मी पाण्याकडे वळलो. पन्नास वर्षं जे वाक्य मी नुसतं ऐकलं होतं ते पहिल्यांदा माझ्या तोंडातून आलं. “इंदिरा, कॉफी आरली गं.”

मी झाकण पाण्यात विसळलं. मग सिसिलबाई म्हणाल्या, “मासी.” एवढंच.

त्यानंतर आमचं बोलणं बदललं. विजेचं खातं मागे पडलं. मी इंदिराच्या शिव्या सांगायला लागलो, तिचे रुसवे, अंगणात कोणाची म्हैस शिरली तेव्हा तिने अर्ध्या कन्नडात म्हशीला आणि अर्ध्या मराठीत मालकाला काय काय सुनावलं ते. वर्षानुवर्षं न वापरलेले शब्द जिभेवर येत होते, जुन्या भांड्यांसारखे, थोडी चिंच लावली की लखलखीत. सिसिलबाईही भराभर, दबक्या आवाजात बोलायच्या. मशीन चालू असल्यासारख्या. आठवड्याच्या सात दिवसांतला हा पाऊण तासच माझी मराठी घराबाहेर पडायची, आणि मी सोमवारपासून रविवारची वाट बघायला लागायचो.

सप्टेंबर लागला. सुष्माचं काम तीस तारखेला संपत होतं. ती नवऱ्याकडे कॅलगरीला जाणार. सिसिलबाईंकडे स्मार्टफोन नाही. भिंतीवरचा फोन आहे, वेटोळ्या वायरचा.

“त्याच्यावर करा की कॉल,” सुष्मा म्हणाली.

“बाई गं, ज्यांना एकमेकांचा शब्द कळत नाही त्यांनी नुसत्या आवाजावर बोललं तर त्याला राँग नंबर म्हणतात.”

शेवटच्या रविवारी मी काळा कोट घातला. भाषण चार दिवस आधी लिहून ठेवलं होतं. तिकडे आता लवकर अंधार पडायला लागला होता. ऊन फक्त माझ्याच खिडकीत उरलं होतं. सिसिलबाईंनीही नवीन ब्लाउज घातला होता. मी कागद बाजूला ठेवला.

“सिसिलबाई,” मी म्हटलं, “तुम्हाला यातलं काही कळणार नाही म्हणूनच सांगतो. माझी भाषा दोघांची होती. एक जण गेल्यावर ती भाषा राहत नाही, नुसती सवय राहते. तुम्ही पाच-सहा महिने समोर बसलात म्हणून ती परत भाषा झाली. उद्यापासून मी कोणाशी बोलू ते मला माहीत नाही.” पुढचं आठवेना. मी म्हटलं, “मासी चो.” एका दमात माझी दोन पंचमांश विद्या संपली.

मग सिसिलबाई बोलल्या. घड्याळात बघून सांगतो, बारा मिनिटं. मध्ये हसल्या, मध्ये त्यांचा आवाज फुटला. एकदा हातातलं मण्यांचं काम पुढे धरून दाखवलं. चष्मा काढून पुसला. डावीकडे झुकल्या, मी डावीकडे झुकलो. उजवीकडे, मीही. माझ्याच्याने राहवेना. एवढं मोठं काहीतरी एका बाईने मला जगाच्या पलीकडून सांगावं आणि मी ते न कळताच खुर्चीवरून उठावं? आयुष्यात पहिल्यांदा मला वाचकाला विचारायचा मोह झाला.

“सुष्मा,” मी म्हटलं, “नियम रद्द. विचार तिला.”

दोघी इंग्रजीत हळूहळू बोलल्या. सुष्माने एकदा माझ्याकडे बघितलं, मग तोंडावर हात ठेवला. दोघी हसायला लागल्या. सिसिलबाईंनी टेबलाखालून एक तडा गेलेला टॅब्लेट काढून कॅमेऱ्यासमोर धरला.

“ती म्हणते, बंद कशाला करायचं? मुलीने जुना टॅब्लेट दिलाय. आज सकाळीच शिकली चालवायला. पुढच्या शनिवारी ती स्वतः कॉल लावणार.”

कोटाच्या खिशात रुमाल सापडेना. शेवटी विचारलं, “आणि ते बारा मिनिटांचं?”

“ते तिच्या अक्काचं. कपडे धुण्याच्या खोलीतलं, सगळं.” सुष्मा अडखळली. “पण अज्जा, ते ती तुम्हाला नव्हती सांगत.”

“मग कोणाला?”

“ती म्हणते, चेहरा सेम तिच्या अक्कासारखा आहे. गाल, कपाळ, रागावलेले डोळे, सगळं.” सिसिलबाई मागून काहीतरी बोलल्या, आणि सुष्माने मान डोलावली. “आणि एक छोटी रिक्वेस्ट आहे. पुढच्या वेळी खुर्ची थोडी बाजूला घ्याल का? एप्रिलपासून अज्जीचा फोटो झाकला जातोय.”