स्टोव्हमधलं रॉकेल

उजवा हात अधू झाल्यापासून ताजुद्दीननं लेथकडं, धातू कातायच्या आपल्या मशीनकडं, बघणंच सोडलं होतं. पौडातल्या घराच्या पुढच्या खोलीत मशीन गोणपाटाखाली पडून होतं. ते विकायचं असं थोरल्या भावानं, चाँदभाईंनी, परस्पर ठरवलं होतं.

त्या सकाळी गेणबा आला. त्याच्या पिठाच्या गिरणीची पुली फुटली होती. ॲल्युमिनियमची नवी ओतीव पुली हातात होती, ती कातून हवी होती.

"आता न्हाई व्हत, गेणबा," ताजुद्दीन म्हणाला.

"व्हईल," आतून त्याची बायको कमरबी म्हणाली. लग्न झाल्यापासून ती नवऱ्याशेजारी उभी राहून हाताखाली काम करत आली होती. पदर खोचून तिनं गोणपाट ओढलं.

पहिल्याच फेऱ्यात धातू हत्याराच्या टोकाला चिकटला. पुलीवर ओरखडेच ओरखडे. लोखंड कातताना सोडायचं दुधाळ तेलपाणी कधीच संपलं होतं. तिनं डोक्याचं खोबरेल आणलं, तर ते थंडीनं गोठलेलं. बोटानं फासलं, नुसता धूर झाला.

तेवढ्यात विडी ओढत चाँदभाई मशीनचं गिऱ्हाईक घेऊन दारात उभे. "बाईमाणसानं लेथ चालवायची? गावात तोंड दाखवायला जागा ठेवशील का न्हाई?"

कमरबी स्वयंपाकघरात गेली आणि स्टोव्हची टाकी डब्यात उपडी केली. घरात तेवढंच रॉकेल होतं.

"भाकरी कशावर करशील?" ताजुद्दीननं विचारलं.

"चुलीवर." मग डबा घेऊन ती मशीनपाशी आली आणि थोरल्या दिराकडं वळली. "भाईजान, विडी बाहेर टाका. हितं रॉकेल हाय."

चाँदभाई हलले नाहीत. तीही बटणावर हात ठेवून उभी राहिली. शेवटी त्यांनी विडी रस्त्यावर फेकली.

हत्याराला धार लावून तिनं थेंब थेंब रॉकेल सोडलं. आता धातू हत्याराला चिकटेना, कीस चकचकीत वळ्यांनी सुटू लागला. ताजुद्दीन बाजेवरून उठला, डावा हात पुढं करून डबा घेतला. "सावकाश. भोक कातताना रॉकेल जास्त लागंल."

पुली घेऊन गेणबा खुशीत गेला.

"मग मशीनचं काय?" गिऱ्हाईकानं विचारलं.

"विकायचं न्हाई," कमरबी म्हणाली.

"या घराची पायरी पुन्हा चढणार न्हाई मी!" चाँदभाई तणतणत निघून गेले. तिनं अडवलं नाही.

ओल्या लाकडांच्या धुरात भाकरी थापता थापता ती म्हणाली, "दारावर पाटी लावा. माझ्या नावाची."

"लोक हसतील."

"हसू देत. कामं घेऊनच येतील की."

ताजुद्दीन फळी शोधायला उठला.