मालक नामालूम

कागदावरचा रिकामा रकाना कसा भरायचा, हे कारकुनाला कुणी शिकवावे लागत नाही. ‘मालक नामालूम’ एवढे लिहिले की काम फत्ते! आदिलाबादच्या महसूल कचेरीतले केशवराव वीस वर्षे हेच करत आले होते.

१९५६चा ऑक्टोबर होता. एक नोव्हेंबरला हैदराबाद राज्य मोडून नांदेड मुंबई राज्यात आणि आदिलाबाद आंध्र प्रदेशात जाणार होते. केशवरावांची बायको वारलेली, एकुलती लेक मालन नांदेडला दिलेली. मराठी सोबती एकेक करून बदली घेऊन गेले. संध्याकाळी दोन शब्द बोलायला माणूस नाही, हे त्यांना फार लागे. साहेबांनी बजावले होते, “गुडीहत्नूरच्या जागीरदाराच्या बंगल्यातल्या सामानाची यादी बिनतक्रार द्या, नांदेडची बदली तुमची. संग्रहालयाने एक जरी सवाल काढला, तर इथेच राहा.”

जागीरदार देश सोडून गेला होता. बंगल्यात झाडलोट करणारी गयाबाई तेवढी उरली होती. यादी करायला आलेले केशवराव दुपारी एकटेच डबा खात आणि समोरच्या मातीच्या सुरईकडे पाहत बसत. ती ग्रीस देशातली, दोन हजार वर्षांहून जुनी. तिच्या पांढऱ्या अंगावर एकटी बसलेली एक बाई रंगवलेली होती. हैदराबादेतले एक संग्रहालय तिची वाट पाहत होते.

यादीच्या शेवटच्या दिवशी सुरईच्या पेटीत गवताखाली एक इंग्रजी चिठ्ठी सापडली. केशवरावांनी ती अडखळत वाचली आणि खिशात घातली.

“काय लिवलं हाये?” गयाबाईने विचारले.

“दलालानं जागीरदाराच्या बापाले लिवलं. सुरई एका मुलीच्या थडग्यातली हाये. तिथलं गाव परत मागत होतं, म्हणून मनुकांच्या खोक्यात लपवून जहाजावर चढवली. पण मी मालक नामालूमच लिवतो, बाई. इतक्या दूरच्या लोकाचं आपल्याले काय?”

गयाबाईने झाडू खाली ठेवला. “काऊन नामालूम? गाव मागून राह्यलं होतं नं! रझाकाराच्या धामधुमीत आमी पैनगंगेपल्याड पळालो. तीन महिन्यांनी आलो, तं वावरात दुसऱ्याचा नांगर! कागदात काय, तं मालक नामालूम! आमी नदीपल्याडच होतो, साहेब. कोनी इचारलंच नाई. ज्याच्या हातात हाये त्याचा कब्जा. तो धनी कसा होईन?”

“कोणतं वावर?”

“नेरडीगोंड्याच्या वाटेवरचं, दोन विहिरींचं.”

केशवरावांना ती नोंद आठवली. त्या साली त्या गावची पहाणी त्यांनीच केली होती, गाडीतून खाली न उतरता!

त्यांनी चिठ्ठी बाहेर काढून यादीला टाचली. सुरईपुढे लिहिले : ‘कब्जा जागीरदाराचा. मालक ग्रीसमधले गाव. गावाने परत मागितली होती.’ मग मान खाली घालून म्हणाले, “गयाबाई, तो कारकून मीच होतो.”

“तुमी होते?” ती म्हणाली. “मंग आता चला कचेरीत. हेच तिथं बोला.”

केशवरावांनी कचेरीत जाऊन आपली नोंद खोटी असल्याचा जबाब स्वतःच्या सहीने दिला. गयाबाईच्या वावराची चौकशी सुरू झाली. सुरईबद्दल संग्रहालयाचे तीन सवाल आले आणि बदली बुडाली. एक नोव्हेंबरला त्यांनी मालनला पत्र लिहिले, ‘मी येत नाही. कारण भेटीत सांगेन.’ त्या दिवशी त्यांना फार एकटे वाटले, पण पस्तावा झाला नाही.

वाचकहो, संग्रहालयात गेलात तर वस्तू किती जुनी एवढेच विचारू नका. ती कुणाची होती आणि तिथे कशी आली, हेही विचारा. आपल्या गावातल्या वावरांनाही हाच प्रश्न लावा. मालक सापडला नाही असे म्हणायचे, तर आधी गाडीतून खाली उतरून त्याला शोधायला हवे!