खालच्या फळीवरची सातवी

मित्रांनो, मी एक जुनी काचेची बरणी आहे. माझ्या काठाचा एक टवका उडालेला आहे. तो कोणी उडवला हे मला पक्कं ठाऊक आहे, पण मी चहाडखोर नाही.

भट्टीतून बाहेर पडले तेव्हा वाटलं होतं, आपल्यात मध भरतील, निदान लिमलेटच्या गोळ्या तरी. नशिबी आलं पीठ, आणि त्या पिठात किडे! एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत तेवीस बहिणींबरोबर मला मांडलं. बारा वरच्या फळीवर, बारा खालच्या. मी खालच्या फळीवरची सातवी. तोंडाला पातळ कापड, त्यावर रबर, पोटावर आकडा. तांदळाच्या अर्ध्या दाण्याएवढे तांबूस किडे आमच्यात मोजून सोडत, प्रत्येकीत सोळा.

हा सगळा खटाटोप एका वादापायी होता. वाद घालणारे दोघं, एक सर आणि दुसरी त्यांच्या हाताखाली संशोधन करणारी ताई. माझ्या भाडेकरूंपैकी काहींना दुसऱ्यांची अंडी खायची खोड होती, आणि ती पिढीजात होती. आयतं खायला मिळाल्यामुळे त्यांची पिल्लावळही जास्त व्हायची.

"मग शेवटी जिंकणार कोण? अंडीखाऊच!" सर म्हणत. "गटाचं भलंबिलं सगळ्या गप्पा. निसर्गात निवड होते ती एकेकट्याची."

"बरणीच्या आत अंडीखाऊ जिंकतो, मान्य," ताई म्हणायची. "पण अंडीखाऊंची बरणी ओस पडते, सर. गरीब स्वभावाच्यांची भरते. बरण्याबरण्यांतच चढाओढ लावली तर?"

"लावून बघ. तोंडघशी पडशील."

"बघाच तुम्ही."

ताईची डॉक्टरेट या एकाच प्रश्नावर उभी होती. दर सदतीस दिवसांनी ती पीठ चाळायची, किडे मोजायची. फळीवरच्या ज्या बरण्या सगळ्यात भरलेल्या, त्यांतलेच सोळासोळा किडे त्या फळीवरच्या सगळ्या बरण्यांत जायचे. ओस बरण्यांचा वंश तिथेच संपायचा. एका फळीचा पडताळा दुसरीवरून घ्यायचा, म्हणून दोन्ही फळ्यांचा कारभार वेगळा होता.

प्रयोगशाळेत एक शिपाई होते, त्यांना सगळे मामा म्हणत. खालच्या बरण्या रोज सकाळी ते पुसत. गुडघा धरलेला असल्यामुळे त्यांना स्टुलावर चढता यायचं नाही, म्हणून वरच्या बरण्या ताईच पुसायची. मामांचा हात असा हलका, की पुसून झाल्यावर मला स्वतःचंच कौतुक वाटायचं.

दोन वर्षं गेली. वरच्या बरण्या दोनदोनशे किड्यांनी गजबजल्या, आणि आम्ही खालच्या मात्र रोडावत चाललो. साठ किडे निघाले तरी खूप.

"दोन फळ्या दोन उत्तरं देतायत," सर म्हणाले. "म्हणजे उत्तरच नाही. हे कोणी छापणार नाही, बाळ."

ताईचा चेहरा पडला. मला तर सगळं माहीत होतं! पण तोंड एवढं मोठं असून बोलायची सोय नाही, हीच आमच्या जातीची अडचण.

मग एका मोजणीच्या दिवशी ताई सकाळी लवकर आली. बघते तर काय, आम्हा बाराही जणींची कापडं काढलेली, आणि मामांच्या हातात चमचा.

"मामा! काय चाललंय हे?"

"काही नाही हो ताई. ही बिचारी सातवी बघा, पाच-सहाच उरलेत. आणि तिसरीत नुसती गर्दी. म्हणून थोडे इकडचे तिकडे केले. मोजायच्या आधी दर वेळी करतो. सगळ्या सारख्या दिसल्या की बरं वाटतं."

ताई मटकन स्टुलावर बसली आणि रडायलाच लागली. मामांची गाळण उडाली. दुखरा गुडघा घेऊन ते सरांच्या खोलीकडे धावले. "सर, ताईंना काही बोलू नका, चूक माझी आहे!"

सरांनी सगळं ऐकून घेतलं, दोन्ही फळ्यांच्या वह्या मागवल्या आणि बराच वेळ पानं उलटत राहिले.

"खाली मिसळामिसळ झाली," ते हळूच म्हणाले, "म्हणून बरण्यांत फरकच उरला नाही. फरक नाही, मग निवडणार काय? अंडीखाऊंना रान मोकळं."

"आणि वर फरक टिकला," ताई डोळे पुसत म्हणाली.

"मला हे अजिबात आवडलेलं नाही," सर म्हणाले, पण हसत होते. "एकदा झाला तो योगायोग. आता नव्या किड्यांवर मुद्दाम कर. या वेळी वरच्या मिसळ, खालच्यांना हात लावू नको."

ताईने मामांना खुर्ची दिली आणि पहिल्यापासून सगळं समजावून सांगितलं.

"म्हणजे माझ्यामुळे लबाड माजले?" मामांनी विचारलं.

"हो, मामा."

"आणि मी भलं करायला गेलो होतो!"

आणखी दोन वर्षं सर स्वतः वरच्या बरण्या खाली काढून देत आणि मामा चमच्याने मिसळत. या वेळी त्या ओसरल्या आणि आम्ही भरलो. माझ्यात दोनशे एकवीस! सरांनी मला उजेडात धरून "वा" म्हटलं, तो माझ्या आयुष्यातला सर्वांत आनंदाचा दिवस. वाद मात्र मिटला नाही. सर म्हणत, हा नात्यागोत्याचाच खेळ आहे, एका बरणीतले किडे भावंडंच की. ताई म्हणायची, नाव काहीही द्या, निवडली तर बरणीच ना? अजूनही ते दोघं चहा गार होईपर्यंत भांडतात.

ताईच्या तोंडी परीक्षेच्या दिवशी मी टेबलावर होते. बाहेरून आलेले परीक्षक खूश झाले होते. "मिसळून बघायची कल्पना फारच सुंदर. कशी सुचली तुम्हाला?"

सर छताकडे बघू लागले. ताईने नुसतं हसून मान हलवली असती, तरी भागलं असतं.

"सुचली नाही. ती चूक होती," ती म्हणाली. "मामा दोन वर्षं आमच्या बरण्या पुसत होते आणि आम्ही त्यांच्यासमोर रोज भांडत होतो. पण त्या कशासाठी आहेत, हे त्यांना कोणी एकदाही सांगितलं नव्हतं. म्हणजे चूक माझीच."

मामा चहाचा ट्रे घेऊन दारात उभे होते. परीक्षकांनी पेन खाली ठेवलं आणि त्यांच्याकडे वळून विचारलं, "मामा, एका वेळी किती चमचे घालत होता?" मामांनी ट्रे टेबलावर ठेवला, खुर्ची ओढली आणि सांगायला सुरुवात केली.

तर मित्रांनो, काच जपून हाताळा, हे तर आहेच. पण तुमची बरणी जो पुसतो, त्याला आत काय आहे तेही सांगत जा. नाही सांगितलंत, तर तो बिचारा आपल्या समजुतीप्रमाणे तुमचं भलं करत राहील.