तेवीस पॉइंट चारवरच्या आजीबाई

“काकू, खुर्चीवर कुणीच नव्हतं हो! ना खुर्ची, ना आजीबाई. आम्ही आपले सरळ जाऊन राहिलो, आणि आता इथे चिटपाखरूसुद्धा नाही!”

पोर्तुगालमधल्या कुठल्याशा माळरानावरून नकुल ओरडत होता, आणि लंडनमधल्या पिनरच्या हाय स्ट्रीटवर, चष्म्यांच्या दुकानावरच्या दोन खोल्यांच्या ऑफिसात, सुप्रभाताई फोन कानापासून वीतभर लांब धरून ऐकत होत्या. सकाळचे साडेअकरा वाजले होते. समोरच्या टेबलावरून कुशने मान वर केली, तसा त्यांनी फोन स्पीकरवर टाकला. लपवण्यात अर्थ नव्हता.

“नकुल, आधी सांग, तनिषा कशी आहे?”

“डोकं दुखून राहिलं तिचं. झाडाखाली बसली आहे. छत्तीस डिग्री आहे काकू, आणि पाण्याची एकच बाटली उरली. नागपूरचा माणूस आहे मी, मला काही नाही, पण ही एडिनबराला राहून राहून थंडीची झाली ना.”

“मीटर किती दाखवतोय सायकलीचा?”

“एकतीस.”

म्हणजे तेवीस पॉइंट चारला डावीकडे वळायचं होतं, ते राहून गेलं आणि गिऱ्हाइकांची ही जोडी साडेसात किलोमीटर पुढे गेली.

ही सायकल-सहलींची कंपनी कुशच्या वडिलांची, अवधूतरावांची; आता कारभार कुशकडे. गाइड नाही, बस नाही. सायकली, सामान पोचवणारी गाडी, मुक्कामाची हॉटेलं आणि हातात एक छापील वही, की निघा तुमचे तुम्ही. एव्होरापासून सहा दिवसांत, बुचाच्या जंगलांतून आणि पांढऱ्या गावांतून, सीमा ओलांडून स्पेनमधल्या बादाखोसपर्यंत. रस्ता अवधूतरावांनी स्वतः सायकल मारून आखला होता. वही मात्र सुप्रभाताईंची. त्या कामाला लागल्या तेव्हा वहीत नुसतं ‘२३.४ डावीकडे’ एवढंच असे. चौदा वर्षांत त्यांनी तिला माणसात आणलं. कुठल्या बेकरीत अकराच्या आत पोचलं तर गरम पाव मिळतो, कुठल्या फाटकातला कुत्रा नुसताच भुंकतो, कुठल्या चढावर उतरून चाललं तरी लाज वाटून घेऊ नये, सगळं त्यात होतं. लोक वही जपून ठेवत आणि परत आल्यावर पत्रं लिहीत.

आणि ही वही लिहिणाऱ्या बाईंनी तो रस्ता एकदाही पाहिला नव्हता. सायकलही त्यांना येत नव्हती. सुरुवातीला नवऱ्याचं डायलिसिस होतं, आठवड्यातून तीनदा, तेव्हा पोर्तुगाल सोडाच, भाचीच्या लग्नालासुद्धा जाता आलं नाही. तीन वर्षांपूर्वी ते गेले. मग सबब उरली नाही, पण जायची हिंमत होईना. आपण शब्दाशब्दाने उभा केलेला रस्ता तिथे गेल्यावर भलताच निघाला तर, ही भीती त्या कुणाला बोलून दाखवत नसत. त्याऐवजी त्या विचारत. परत आलेल्या प्रत्येकाला खोदून खोदून विचारत. विहिरीवर झाकण आहे का? चर्चचं घड्याळ अजून बंदच आहे का? काही गिऱ्हाइकं वैतागत, पण बहुतेकांना सांगायला आवडे.

तेवीस पॉइंट चारवरच्या आजीबाई त्यांना अशाच सापडल्या. अकरा वर्षांपूर्वी लागोपाठ तीन गटांनी लिहिलं, की निळ्या पट्ट्याच्या पांढऱ्या घराबाहेर काळ्या कपड्यांतल्या एक आजी खुर्ची टाकून बसल्या होत्या आणि काठीने डावीकडे दाखवत होत्या. सुप्रभाताई पडल्या पुण्याच्या. आपल्याकडे पत्ता सांगायचा तो माणसांनीच सांगायचा; कोपऱ्यावर इस्त्रीवाला बसतो तिथून आत, असाच. त्यांनी बिनदिक्कत लिहून टाकलं, ‘खुर्चीवर आजीबाई बसलेल्या दिसतील, तिथे डावीकडे.’ त्या गल्लीत तशी पांढरी घरं चाळीस आणि निळे पट्टे निम्म्यांना. आजीबाई एकच.

कुशला हे कधीच पटलं नव्हतं. पोरगा पिनरमध्येच जन्मला, वाढला. मराठी बोलायची तर आईच्या धाकाने. जूनमध्ये त्याने स्पष्ट सांगितलं होतं, “मावशी, अजून एक कस्टमर पेपरमुळे हरवला, तर पेपर बंद. ओन्ली ॲप.” सुप्रभाताई हो म्हणाल्या होत्या. चौदा वर्षांत हरवले होते ते फक्त दोघं.

“ॲप उघडायला सांग,” कुश आता हळूच म्हणाला.

“ॲप बंद केलं होतं,” पलीकडून तनिषाचा थकलेला आवाज आला. “नकुल म्हणाला, नोट्स मस्त आहेत, बॅटरी वाचव. आता सहा परसेंट आहे, आणि मॅप लोडच होत नाहीये. काकू, माणूस कधी लँडमार्क असतो का हो? तुम्ही शेवटच्या इथे कधी आला होतात?”

या प्रश्नाला सुप्रभाताईंचं ठरलेलं उत्तर होतं, बरेच दिवस झाले. ते त्यांनी आज दिलं नाही.

“तनिषा, तू ज्या झाडाखाली बसली आहेस, त्याच्या खोडावर पांढऱ्या रंगात आकडा आहे बघ. कोणता?”

“आठ.”

“आसपासच्या झाडांवर?”

“आठच. सगळीकडे आठ.”

सुप्रभाताईंनी खणातून, गिऱ्हाइकांची पत्रं चिकटवलेली त्यांची स्वतःची जाड वही काढली. २०१९ साली एडिनबराचे एक निवृत्त पोस्टमन याच जागी चुकले होते. रविवार होता, आजीबाई चर्चला गेल्या होत्या. त्या गृहस्थांनी परत आल्यावर चार पानी पत्र लिहिलं, आणि पोस्टमनच तो, वाटेतल्या झाडांचे आकडेसुद्धा टिपले होते. आधी आठची झाडं, मग तीनची, आणि आठ संपून तीन सुरू होतात तिथे उजवीकडे लोखंडी फाटक. आत शेतघर. तिथल्या बायकांनी त्यांना पाणी दिलं, खरबूज दिलं आणि वाट दाखवली.

“तुम्ही पुढे जा, मागे नको. आठ संपतील आणि तीन…” त्या थांबल्या. त्या झाडांची साल काढून बाटल्यांची बुचं करतात, आणि ज्या वर्षी सोलली त्या वर्षाचा शेवटचा आकडा खोडावर रंगवतात, हे त्यांना त्याच पत्रामुळे कळलं होतं. एकदा सोललं की पुन्हा नऊ वर्षांनी. तीन म्हणजे २०१३. तेरा आणि नऊ बावीस. “तीन नाही, दोन. दोनचा आकडा दिसायला लागला की उजव्या हाताला लोखंडी फाटक असेल. सायकली हातात धरून चालत जा. तनिषाला सगळं पाणी पिऊ दे. आणि फोन ठेव आता, बॅटरी घालवू नकोस.”

फोन बंद झाला. कुश त्यांच्याकडे बघत राहिला होता.

“तुला कसं माहिती, मावशी?”

“माहिती नाही रे. हिशेब केला.”

“आणि चुकला असेल तर?”

कुशने एव्होराच्या गाडीवाल्याला फोन लावला. तो दीड तासावर होता. सुप्रभाताईंनी चहा केला, पण त्या तो प्यायल्या नाहीत. खाली चष्म्याच्या दुकानात कुणीतरी जोरजोरात अक्षरं वाचत होतं. पोस्टमनसाहेब बिचारे हयात असतील का, त्यांनी आकडे नीट पाहिले असतील ना, एखादं वर्ष सोलणी पुढे ढकलली गेली असेल तर काय, असे नाना विचार त्यांच्या डोक्यात आले. आपल्या कुतूहलापायी दोन पोरं रानात उन्हात बसली आहेत, हा त्यातला सगळ्यात वाईट.

एकोणीस मिनिटांनी मेसेज आला. ‘दोन. फाटक. पाणी. थँक यू काकू.’

कुशने दोन्ही हात डोक्यावर ठेवून मोठ्ठा श्वास सोडला. “दॅट वॉज अनरियल,” तो म्हणाला. मग थोड्या वेळाने, खाली बघत, “पण मावशी, नेक्स्ट सीझन पेपर बंद. सॉरी. ते लोक मरू शकला असता.”

“हो,” सुप्रभाताई म्हणाल्या. “बरोबर आहे तुझं.”

त्यांना वाईट वाटलं, पण वाद घालावा असं वाटेना. चूक त्यांचीच होती. कधी ना कधी उठून जाणार अशा जिवाला त्यांनी खांबासारखं वाटेवर रोवून ठेवलं होतं. शिवाय त्यांना आता दुसरीच रुखरुख लागली होती. आजीबाई कुठे गेल्या? आज मंगळवार, चर्चचा दिवस नव्हे. एप्रिलच्या गटांनी त्यांना पाहिलं होतं. एकाने फोटोही पाठवला होता. नंतर उन्हाळ्यात इतकं ऊन, की सायकली बंद. सप्टेंबरातली ही पहिलीच जोडी.

सहाच्या सुमाराला नकुलचा फोन आला, हॉटेलातून. तनिषा अंघोळ करून झोपली होती. शेतघरातल्या मुलीला इंग्लिश येत होतं, तिनेच त्यांना पिकअपमधून वळणापर्यंत आणून सोडलं होतं.

“काकू, त्या आजी गेल्या. मे महिन्यात. झोपेतच.”

सुप्रभाताईंनी एप्रिलमधला तो फोटो समोर घेतला.

“ती मुलगी सांगत होती, त्यांना माहीत होतं बरं का. तुमच्या वहीत त्या आहेत म्हणून. कुणी तरी गोऱ्यानं थांबून वाचून दाखवलं होतं त्यांना, पानावर बोट ठेवून. तेव्हापासून त्या सायकलींच्या दिवसांत दहा वाजले की खुर्ची बाहेर काढून बसायच्या. मुलगी लिस्बनला असते त्यांची. चार वर्षांपासून मागे लागली होती, की माझ्याकडे राहायला ये. या म्हणायच्या, नाही जमत, मला काम आहे. सायकलवाल्यांना वाट कोण दाखवणार? गावात सगळे हसायचे म्हणे, पण त्या कुणाचं ऐकायच्या नाहीत. बाप्पा, मला तर रडूच आलं काकू.”

सुप्रभाताईंना आलं नाही. त्यांना लाज वाटली. चार वर्षं एक म्हातारी लेकीकडे गेली नाही, ते पिनरमधल्या एका बाईने सहज लिहिलेल्या एका ओळीपायी. नातवंडं असतील, त्यांचे वाढदिवस असतील. आणि त्या लाजेला लागूनच, कितीही दडपलं तरी, एक आनंद होता, की तिकडे कुणीतरी ती ओळ इतकी खरी मानली. दोन्ही एकदमच वाटलं, आणि कुठलं आधी खोडावं ते त्यांना कळेना.

“नाव काय होतं रे त्यांचं?”

“अरे… ते नाही विचारलं मी.”

“मीही नाही विचारलं,” सुप्रभाताई म्हणाल्या. “अकरा वर्षांत झाकणापासून कुत्र्यापर्यंत सगळं विचारलं, आणि हे नाही विचारलं. नकुल, तनिषाला सांग, मी तिथे कधीच आलेली नाही. सकाळी तिने विचारलं, तेव्हा सांगायला हवं होतं.”

नकुलने विचारलं, “मग ते आठ आणि दोन?”

“तुझ्यासारख्याच एका चुकलेल्या माणसाने सांगितलं होतं.”

मग त्यांनी हॉटेलच्या मालकीणबाईंना फोन देण्यास सांगितलं. या बाईंशी त्या चौदा वर्षं खोल्या आणि नाश्त्याबद्दल बोलत आल्या होत्या. नाव विचारल्यावर बाईंनी ते सांगितलं, मग एकेक अक्षर सुटं करून सांगितलं, आणि मग आपणहून म्हणाल्या, की वारल्या तेव्हा ब्याऐंशी वर्षांच्या होत्या आणि तरुणपणी बुचाच्या रानात स्वयंपाकाला जायच्या.

शनिवारी पुढचा गट निघणार होता, सहा जणांचा. वह्या आजच छापायच्या होत्या. कुश कोट घालून दारात उभा होता.

“मावशी, ती लाइन काढून टाक ना. मी ॲपवर पिन टाकली आहे. आणि दारावर काय नंबर आहे ते लिही, सोळा.”

सुप्रभाताईंनी सोळा लिहिलं. निळा पट्टा लिहिला, हिरवं बंद दार लिहिलं. नकुलने पाठवलेल्या फोटोत घराशेजारी दिव्याचा लोखंडी खांब दिसत होता, तोही लिहिला. कुणीही चुकणार नाही, आंधळासुद्धा वळेल, इतकं लिहिलं. मग ओळीच्या सुरुवातीला जाऊन त्यांनी आणखी थोडे शब्द घातले आणि प्रिंटचं बटण दाबलं.

कुशने पहिलं पान उचलून वाचलं. ‘२३.४. इदालिनाबाईंचं घर.’

“पण ती तर आता नाही आहे तिथे,” तो म्हणाला. “लोकांना कसं कळणार?”

“त्यांना कळायला नंबर आहे, खांब आहे,” सुप्रभाताई म्हणाल्या. “हे त्यांच्यासाठी नाही.”

कुशने पान पुन्हा एकदा वाचलं. मग कोट काढून खुर्चीवर टाकला, आपल्या टेबलाशी बसला आणि ॲप उघडून पिनला दिलेलं ‘टर्न १७’ हे नाव पुसलं. “स्पेलिंग सांग,” तो म्हणाला. सुप्रभाताईंनी चष्मा लावला आणि मघाशी फोनवर ऐकलं होतं तसं एकेक अक्षर सुटं करून सांगायला सुरुवात केली.